अर्धा वेढा नसतो

पुटपुटे, हे वाचून तुला राग येणार आहे. येऊ दे. तोंडावर काही सांगायला गेलं की तू यंत्र चालू करतेस आणि माझं बोलणं त्या आवाजात बुडवतेस, म्हणून कागदावर उतरवते. तुझीच गोष्ट तुला ‘तू, तू’ करत सांगायला लागले तर मध्येच भांडण होईल. तेव्हा इथून पुढे तू ‘ती’ आणि मी ‘आत्या’.

तारेचे वेढे मोजताना तिचे ओठ हलत, म्हणून ती पुटपुटी. वडिलांचं विजेच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान होतं. पुढे बाकडं, मागे वार्निश वाळवायची भट्टी, मधल्या खोलीत जेवण, झोप आणि कुरबुरी. मोटारीतली काळी पडलेली तार उपसायची, वेढे मोजायचे, तितकेच नव्या तारेचे घालायचे. शाळेत असतानाच तिला हे वडिलांपेक्षा चांगलं जमायला लागलं. पुढे वडिलांचे हात थरथरायला लागले आणि दुकान तिच्या खांद्यावर आलं. ते कुणी तिच्यावर टाकलं नाही. आपोआप आलं, अशा गोष्टी येतात तसं.

तिच्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागे. यात काही चमत्कार नव्हता. काठावरची मुलं मुख्याध्यापिका आधीच हेरून साध्या गणिताच्या वर्गात ढकलत. एका चाचणीला ही तापात बसली, मार्क कमी पडले आणि ढकलली गेली. आत्या शाळेत जाऊन भांडायला तयार होती, पण वडील म्हणाले, “गणित ते गणित. अवघड गणिताचं काय लोणचं घालायचंय?”

घालायचं होतं, हे बऱ्याच वर्षांनी कळलं. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. विद्यापीठाच्या खिडकीतल्या माणसाने मानही वर न करता सांगितलं, “उच्च गणित लागतं.”

“मी रोज मोटारी भरते,” ती म्हणाली.

“भरा की. इथे उच्च गणित लागतं.”

उच्च गणिताची परीक्षा बाहेरून देता येत होती. पण प्रवेशाला वयाची अट होती आणि तिचं ते शेवटचं वर्ष होतं. एकच डाव.

आत्याने जन्मभर गणित शिकवलेलं. ती दुपारी दुकानात स्टूल ओढून बसायला लागली. पोरगी तल्लख होती. वक्राचा उतार म्हणजे काय ते तिने बोट फिरवून दाखवलं, आत्याने तोंड उघडायच्या आत. पण एक खोड जाता जात नव्हती.

“दोन पूर्णांक चार दशांश आलंय ना? मग तीन का लिहिलंस?”

“चार दशांश वेढा कुठे घालू, आत्या?”

“वेढा नाहीये हा. टाकीची उंची आहे.”

“कमी पडलं तर मोटार जळते. जास्त झालं तर नुसती मंदावते. तीन बरं.”

“अगं बये, इथे मोटारच नाही.”

भट्टीजवळून वडील म्हणाले, “ताई, तुझ्या गणितात काही फिरतच नाही. मग ते कसलं गणित?”

“तू गप. तुझी जीभ फिरते तेवढी पुरे.”

महिने गेले, खोड सुटली. निदान तसं वाटलं.

पेपर देऊन ती थेट बाकड्याशी आली. हातात तार घेतली, खाली ठेवली. “सगळं सोडवलं,” म्हणाली. मग तार पुन्हा उचलून, “साताचं वर्गमूळ आलं होतं. मी तीन धरलं. मध्येच. पुढचं सगळं त्यावर रचलं.”

“कधी लक्षात आलं?”

“पेपर गोळा करत होते तेव्हा. आणखीही काही ठिकाणी तेच झालंय. घाई झाली नि हाताने आपलं काम केलं.”

निकाल लागला, थोड्या मार्कांनी नापास. आत्याने हाय खाल्ली नाही, तिला हिशेब दिसत होता. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर होती. परीक्षकाने रीतीचे मार्क दिले असतील असं तिला वाटेना. परीक्षेच्या कचेरीत जाऊन फेरतपासणी मागायची. त्याची मुदत सोमवारी संपत होती. दोघींनी सकाळी बसथांब्यावर भेटायचं ठरवलं. वडील ऐकत होते. “जा की,” म्हणाले.

सोमवारी आत्याने एक बस सोडली, दुसरी सोडली आणि चालत दुकानावर गेली. बाकड्यावर बेकरीच्या पीठ मळायच्या यंत्राची मोटार उघडी पडली होती. रविवारी वडिलांनी ती घेतली होती, सोमवारी देतो म्हणून. ते गुडघ्यांत हात दाबून बसले होते.

“त्यांना शब्द दिलाय मी,” ते म्हणाले.

“आणि हिला?”

“हिला कुठे शब्द दिला होता? जा म्हणालो होतो फक्त.”

आत्याने त्या हातांकडे पाहिलं. पोरगी शिकायला गेली की दुकानाला कुलूप, हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. ती बाहेर जायच्या कपड्यांतच मान खाली घालून मोजत होती. मोजणी मोडली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून आत्या दारातच थांबली.

“ही झाली की निघू,” पोरगी शेवटी म्हणाली.

मोटार दुपारी फिरली. आत्याने पिशवी उचलली. “चल, खिडकी अजून उघडी असेल.”

“हात धुऊन येते.”

ती आत गेली. बाहेर आली ती घरचे कपडे घालून, आणि बाकड्यावरचे तांब्याचे तुकडे गोळा करायला लागली.

वडील पुढे अंथरुणाला खिळले, मग गेले. आता लोक जळकी मोटार फेकून नवी आणतात. दुकानात काम थोडं, वार्निशाचा खोकला मात्र तिच्या छातीत कायमचा. आत्या अजून येऊन स्टुलावर बसते. इकडचं तिकडचं बोलणं होतं. त्या कचेरीत मात्र दोघी कधी गेल्या नाहीत.