उंबरझिरीची एका दिवसाची सहल

दिनांक १२ फेब्रुवारी १९६१, रविवार. तळोद्याच्या मोटार थांब्यासमोरच्या आपल्या हॉटेलात चुनीलालशेठने आमशाच्या हातावर पाच रुपये ठेवले. ठरले होते ७ रुपये ५० नये पैसे.

"बाकीचं?" आमशाने विचारले.

"संध्याकाळले पाहुणा हसत उतरना की देसू. तू कोठे पळी जाई ऱ्हायना का मी कोठे पळी जाई ऱ्हायनू?"

आमशा हसला. शेठ असेच बोले आणि पैसे देईही. दहा वर्षे त्याने शेठच्या ट्रकवर सागाचे ओंडके चढवले होते. बाजाराची अहिराणी आणि साहेबलोकांचे मराठी त्याच्या तोंडात बसले ते त्याच दिवसांत. पुढे लाकडाचा ठेका गेला. शेठने हॉटेल काढले, एक जुनी जीप घेतली आणि दारावर पाटी लावली: "सातपुड्याची एका दिवसाची सहल. धबधबा, आदिवासी नाच, रानातले जेवण." जिनिंगचे मॅनेजर, पुलाच्या कामावरचे इंजिनियर, त्यांच्याकडे आलेले पाहुणे, असे लोक रविवारी कंटाळलेले असत. ते येऊ लागले, आणि त्यांना वर नेऊन आणायचे काम आमशाकडे आले.

धडगावच्या रस्त्याने जीप घाटाच्या पायथ्यापर्यंत जाई. पुढे तीन तास चढण. वर उंबरझिरी, आमशाचे गाव. तो वाटेत डबे वाही, एखाद्या बाईच्या चपलेचा अंगठा तुटला तर वेलीने बांधून देई. ज्या धबधब्यावर त्याची गुरे पाणी पीत, तिथे लोक "अहाहा" म्हणून उभे राहत. त्याला आधी गंमत वाटे, मग हळूहळू अभिमान वाटू लागला. बायको रूपलीबाई त्याला टोमणे मारी.

"पाणी खाली पडतं ते बघायला पैसे देतात? मग वर चढलं तर काय देतील? आण एकदा, माझी चूल बघायला आण. धूर फुकट."

गावाने या सहलींना होकार दिला होता तो एका अटीवर. ती अट गावाइतकीच जुनी होती. परका माणूस गावाच्या ओढ्यावर आला की गावचा पुजारा विचारी, "हा कोणाचा?" आणणाऱ्याने म्हणायचे, "माझा." मग त्या परक्याने गावात जे केले ते आणणाऱ्याने केले असे धरले जाई; ज्याला कोणी "माझा" म्हणत नसे, त्याला ओढा ओलांडता येत नसे. पुजारा होता वीरसिंग, रूपलीबाईचा बाप. जावई असला तरी आमशाला प्रत्येक खेपेला तो प्रश्न ऐकावा लागे आणि उत्तर द्यावे लागे.

एक गोष्ट मात्र आमशा पाहुण्यांना दाखवत नसे. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या सावलीत, मोहाची भट्टी होती. दारूबंदीचा कायदा होता हे उंबरझिरीलाही ठाऊक होते. पण मोहाची पहिली धार जमिनीवर सांडल्याशिवाय तिथे मूल जन्मल्याचे मानत नसत, मेलेला गेल्याचे मानत नसत आणि होळीही पेटत नसे. दोन हिवाळे आमशाने पाहुण्यांना खालच्या वाटेनेच फिरवले.

त्या रविवारी आले हिंमतराव, धुळ्याकडच्या एका जिनिंगचे मॅनेजर. गळ्यात कॅमेरा, स्वभाव मोकळा. नाच पाहून झाला, जेवण झाले, आणि वीरसिंगच्या शेजारी बसून त्यांनी सरळ विचारले, "पुजारेबाबा, तुमच्याकडची मोहाची म्हणे फार नावाजलेली. चाखायला नाही तरी बघायला मिळेल का?"

आमशा चटकन म्हणाला, "साहेब, आता भट्टी लागत नाही."

वीरसिंगने जावयाकडे पाहिले. "पाहुणा माझ्या ओट्यावर बसून विचारतो आणि तू नाही म्हणतोस?" तो आपल्या बोलीत म्हणाला. "हा माणूस तुझा ना?"

"माझा."

"मग भितोस कशाला?"

म्हातारा स्वतः उठला आणि पुढे चालू लागला. भट्टीवर मडके चढलेले होते, बांबूच्या नळीतून धार पडत होती. वीरसिंगने पळसाच्या द्रोणात ती धरली, चार थेंब जमिनीला दिले आणि द्रोण हिंमतरावांपुढे केला. त्यांनी ओठ लावला, खोकले, हसले. मग कॅमेरा उघडला.

"बाबा, तसेच बसा. द्रोण हातात. आमशा, तू जरा बाजूला हो, तुझी सावली पडतेय."

आमशा बाजूला झाला.

संध्याकाळी हिंमतराव हसत उतरले. शेठ त्यांना स्टेशनवर सोडायला घाईत निघाला आणि जाता जाता म्हणाला, "अडीच पुढला फेरीले."

पंधरा दिवसांनी आमशा बाजाराला खाली आला. हॉटेलच्या गल्ल्यामागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी, वीरसिंग काचेत बसला होता. मांडीपुढे मडके, हातात द्रोण, चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. हिंमतरावांनी फोटो मोठा करून पाठवला होता, शेठने तो चौकटीत बसवला होता.

आमशा बराच वेळ तिथून हलला नाही. देवाशेजारी आपला सासरा! गावात कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही.

बाकावर चहा पीत बसलेल्या, धोतर-सदऱ्यातल्या एका माणसाने विचारले, "कोण रे बाबा हा म्हातारा? ऐटीत बसलाय."

गल्ल्यावर चुनीलालशेठ खोकला. आमशाला वाटले, भजीचा धूर लागला.

"माझा सासरा," तो म्हणाला. "वीरसिंग. उंबरझिरीचा पुजारा."

"उंबरझिरी म्हणजे घाटावरची?"

"घाटावरची. घाट चढून डाव्या हाताला."

माणसाने कपात उरलेला चहा संपवला आणि उठला. तो गेल्यावर शेठने कपाळाला हात लावला.

"अरे भो, तो नवा जमादार शे! दारूबंदीना! मी खोकली ऱ्हायनू, तुले समजनं नही?"

"मग फोटो का लावला?"

 शेठने फोटो उतरवला, पण त्याला आता उशीर झाला होता.

आमशा त्याच पावली निघाला, पण जमादाराकडे गाडी होती. दुसऱ्याच पहाटे, होळीच्या आदल्या दिवशी, शिपाई त्याच्या आधी वर पोहोचले. होळीसाठी भरून ठेवलेली मडकी त्यांनी जांभळीखाली फोडली. वीरसिंग आपण होऊन पुढे आला, कारण भट्टी कोणाची हे विचारले गेले आणि ती त्याची होती.

आमशा त्यांच्या मागोमाग तळोद्याला गेला आणि चौकीत उभा राहिला.

"साहेब, भट्टी माझी. पाहुणा मी आणला, दाखवली मी. म्हाताऱ्याला सोडा, मला धरा."

जमादार वाईट माणूस नव्हता. त्याने शेठकडून जप्त केलेला फोटो टेबलावर ठेवला. "यात तू कुठे आहेस?"

आमशाने वाकून पाहिले. मडके होते, द्रोण होता, वीरसिंग होता. त्याने फोटोच्या कडेबाहेर, टेबलाच्या लाकडावर बोट ठेवले. "इथं होतो साहेब. इथंच उभा होतो."

"टेबलावर गुन्हा लिहिता येत नाही," जमादार म्हणाला. "जा घरी."

वीरसिंगला तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्या साली उंबरझिरीची होळी पेटली, पण जमिनीला काही मिळाले नाही. ढोल वाजले नाहीत. आमशाला कोणी मारले नाही की शिवी दिली नाही. लोक त्याच्याशी बोलतही होते, पण कामापुरते. पाहुण्याने केले ते आमशाने केले, याचा निकाल वीरसिंगने द्यायचा होता आणि तो गजांआड होता. रूपलीबाईने त्या दिवसांत टोमणे मारणे बंद केले. आमशाला घरातली ती शांतता सोसेना.

जूनच्या सुरुवातीला वीरसिंग सुटला. आमशा त्याला आणायला गेला. म्हाताऱ्याची छाती भरली होती, चालवत नव्हते. घाटाच्या पायथ्यापासून आमशाने त्याला पाठीवर घेतले. वाटेत आमशा एकदाच बोलला.

"मामा, मी त्यांना सांगितलं होतं भट्टी माझी म्हणून."

"ऐकलं," पाठीवरून आवाज आला.

ओढ्यावर गाव उभे होते. वीरसिंगच्या मागे पुजाऱ्याचे काम त्याचा धाकटा भाऊ इंद्रसिंग पाहत होता. रीत म्हणून, की तुरुंगातून आलेला माणूस बाहेरचाच मानायचा म्हणून, त्याने विचारले, "हा कोणाचा?"

"माझा," आमशा म्हणाला. इतक्या महिन्यांत एवढ्या जोराने तो काही बोलला नव्हता.

वीरसिंगने त्याच्या खांद्यावर थोपटले. उतरव, असा त्याचा अर्थ होता. आमशाने त्याला उतरवले. म्हातारा काठी टेकत पाण्यात उतरला, मध्ये थांबला, धाप टाकली आणि पलीकडे गेला.

"मी कोणाचा नाही," तो म्हणाला. "मी इथला."

मग त्याने वळून भावाकडे पाहिले. इंद्रसिंगला समजले. त्याने आमशाकडे बोट केले आणि विचारले, "आणि हा कोणाचा?"

कोणी बोलले नाही. रूपलीबाई बायकांत उभी होती. तिने बापाकडे पाहिले, आमशाकडे पाहिले आणि नंतर पाण्याकडेच पाहत राहिली. इंद्रसिंगने पुन्हा विचारले नाही. एकदाच विचारायची रीत होती.

आमशाने वीरसिंगचे गाठोडे अलीकडच्या दगडावर ठेवले आणि तो परत फिरला.

वीरसिंग त्याच पावसाळ्यात गेला. आमशा आधी गुजरातेत ऊसतोडीला गेला, मग घाटाखालच्या खापर गावच्या बाजारात पोती उचलू लागला. बाजाराच्या दिवशी रूपलीबाई डोक्यावर डिंक-चारोळी घेऊन तिथे येई, त्याच्याजवळ बसून भाकरी खाई, त्याचा सदरा शिवून देई. ओढ्याच्या अलीकडे ती त्याची बायको होती. गावाबद्दल तो विचारीत नसे आणि तीही सांगत नसे. कधी बाजारात एखादा परका वाट विचारी, "घाटावर बघण्यासारखं काय आहे हो?" आमशा म्हणे, "काही नाही. डोंगर आहेत."

१९६७च्या उन्हाळ्यात तो तापाने खापरलाच वारला. रूपलीबाईने वर निरोप पाठवला, पण ओढ्यावर नेऊन विचारणार कोण आणि उत्तर देणार कोण, म्हणून त्याला खालीच पुरले. तिने कनवटीची बाटली काढली आणि चार थेंब मातीला दिले. जवळ बाजारातले दोन हमाल होते. त्यांनी माना दुसरीकडे वळवल्या.

चुनीलालशेठने जीप विकली. पाटी उतरवली. गल्ल्यामागे गणपतीशेजारी खिळा तेवढा राहिला आहे. आमशाचे २ रुपये ५० नये पैसे शेठकडे निघतात. ते दिलेले नाहीत.