बाबांचं शेवटचं चित्त

एकोणिसाव्या वर्षी मला शिंगं फुटली होती. उल्हासनगरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं होतं, दुपारी कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात धागे तोडायचो, आणि रविवारी अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या विहारात पोरांपुढे अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचो. भूत नाही, आत्मा नाही, मेल्यावर काही नाही. टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचा काय दोष, डोक्यात हवा माझ्या गेली होती.

बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. शाळा चौथीत सुटलेली. पुढचं वाचन-लेखन विहारातल्या बाकावर बसून, मोठेपणी शिकलेले. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले, हे ते पाहुण्यांना छाती पुढे काढून सांगायचे.

त्या वर्षी पावसाळ्यात, वर्षावासाला, विहारात एक म्हातारे भन्ते, म्हणजे भिक्खू, मुक्कामाला होते. माणूस कुठून आला याची बुद्धांनी सांगितलेली गोष्ट त्यांनी एका संध्याकाळी सांगितली. सुरुवातीचे जीव नुसते मनाचे होते, स्वतःच्याच उजेडात आकाशात फिरायचे. मग पृथ्वीवर दुधावरच्या सायीसारखा थर आला. एकाने बोट लावून चाखलं, गोड लागलं, मग सगळेच खात सुटले. खाता खाता अंगं जड झाली, उजेड गेला. कोणी देखणं, कोणी कुरूप दिसायला लागलं आणि मी तुझ्यापेक्षा बरा, हे सुरू झालं. पुढे तांदूळ साठवले, शेतांना बांध घातले, चोऱ्या आल्या, भांडणं आली. जाती-वर्ण सगळं त्यानंतरचं, कामावरून पडलेलं. बाबांनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि हळूच म्हणाले, "म्हणजे कोणी कोणाच्या तोंडातून आला नाही न् पायातून आला नाही."

त्यांना ती गोष्ट एवढी आवडली की आठवडाभर शिफ्टवरून आले की वहीत उतरवत बसायचे. जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर गिरवत. मला ते बघून हसू यायचं. आता ते आठवलं की माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मग तो दिवस. दुसऱ्या शिफ्टला निघायच्या आधी बाबा जेवायला बसले होते. मला कारखान्याची सुट्टी होती, आई नळावर गेली होती. बाबांनी डाव्या हाताने वही माझ्यापुढे सरकवली. "हे बघ जरा, बरोबर लिहिलंय का. आणि मला तुला एक..." पुढचं मी ऐकलंच नाही. मी म्हणालो, "बाबा, ही भाकडकथा आहे. माणूस माकडापासून झाला हे सातवीतलं पोरगंही सांगेल. तुम्ही चौथीच्या पुढे गेला असतात तर तुम्हालाही कळलं असतं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला, चप्पल घातली. आई हंडा घेऊन दारात आली आणि म्हणाली, "जेवला नाहीत?" ते "नको" म्हणाले आणि गेले. कारखान्याच्या गेटवरच छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.

मयतीनंतर दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "त्या दिवशी ते ताट उचलताना भाजी चाखली मी. मीठ दोनदा पडलं होतं." झालं. भाजी खारट झाली, म्हणून ताट सारून रागाने, उपाशी गेले, असं तिने ठरवून टाकलं. भेटायला येईल त्याला ती हेच सांगायची. मी तिथेच भिंतीला टेकून बसलेला असायचो, मूग गिळून. एवढं भाषण ठोकणारा मी, एक वाक्य तोंडातून फुटेना.

दहाव्या दिवशी पुण्यानुमोदन झालं, गेलेल्या माणसाला पुण्य वाटून द्यायचा विधी. भन्ते घरी आले, आम्ही वाटीत पाण्याची धार धरली. मग ते आईला समजावायला बसले. एका देहातून दुसऱ्या देहात उडी मारणारा आत्मा असं काही नसतं, म्हणाले. विरजणाचं बघा. कालचं दही आजच्या दुधात घातलं. आजचं दही म्हणजे कालचं नव्हे, पण कालच्यावाचून ते लागलंही नसतं. तसं मरतानाचं शेवटचं चित्त पुढच्या जन्माला लागतं. आईने लगेच विचारलं, "विरजण आंबट असलं तर?" भन्ते म्हणाले, "तर दही आंबट." आणि मग घाईघाईने म्हणाले, "पण ताई, माणसाची आयुष्यभराची करणीही असते, ती मोठी." आईने ते पुढचं ऐकलं नाही. आमच्या घराला ती खोडच आहे म्हणायची.

तिला एकच भीती बसली. रागात गेले म्हणजे माणसाचा जन्म चुकला, आणि तो तिच्या हातच्या मिठाने चुकला. त्या संध्याकाळी तिने आणि आत्याने मिळून एक गोष्ट केली, जी आमच्या घरात छप्पन सालापासून कोणी केली नव्हती. बाबा जेवायला बसायचे तिथे परातीत तांदळाचं पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी पिठावर जे पाऊल उमटेल तो जन्म मिळाला, असं जुनी माणसं मानायची. पाखराचं, मुंगीचं, माणसाचं. आई मला म्हणाली, "तू विहारात काही बोलू नकोस. एवढ्या वेळी माफ कर मला." माझी माफी मागत होती ती.

खरं बोलायची तीच वेळ होती. मी काय केलं? पहाटे पाणी आलं, दोघी हंडे घेऊन नळावर गेल्या, आणि मी टोपली उचलली. मूठ वळून तिची कड पिठात दाबली, वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके दिले. शेजारच्या घरी गौरीची पावलं अशीच काढायचे. तान्ह्या बाळाचं सुरेख पाऊल उमटलं. ज्या भोंदूगिरीवर मी रविवारी टाळ्या घ्यायचो, तीच माझ्या घरात माझ्याच हाताने केली, आणि वर मनात म्हटलं की आईचं भलं केलं.

आत्याने टोपली उचलली आणि तिला रडूच फुटलं. "वहिनी, माणसाचा जन्म मिळाला गं दादाला." आई वाकून बघत राहिली. मला वाटलं, सुटलो. मग ती हळू आवाजात म्हणाली, "दाराकडं तोंड आहे. माझ्याकडं पाठ करून गेलेत. राग गेलेला नाही."

मी घाईत चुलीच्या बाजूला, आई बसायची तिथे, बसून मूठ दाबली होती. म्हणून टाच चुलीकडे आणि बोटं दाराकडे. एवढंच होतं ते.

त्या दिवसापासून आईने मीठ सोडलं. आमच्यासाठी नीट स्वयंपाक करायची, स्वतःची भाजी आधी अळणी काढून घ्यायची. लोकांना सांगायची, बीपी आहे. एकदा मी तिला डॉक्टरकडे नेलं तर ते म्हणाले, प्रेशर उलट कमी आहे, मीठ खात जा. ती "बरं" म्हणाली आणि घरी येऊन अळणीच जेवली. रोज दोन वेळा मी त्या ताटासमोर बसायचो. माझी जीभ सगळ्या चवी घेत होती आणि तिची नाही.

नव्वद सालाच्या सुमारास मला नोकरी लागली. बदलापूरला हेंद्रेपाड्यात लहानसं घर घेतलं. सामान बांधताना बाबांची वही सापडली. गोष्ट पूर्ण उतरवलेली होती, आणि शेवटच्या पानावर वेगळ्या शाईने लिहिलं होतं: "मुलाला विचारायचे. ते जीव मनाचेच होते. मग त्यांचे मन कुठून आले?"

म्हणजे बाबा मला शिकवायला आले नव्हते, विचारायला आले होते. घरातल्या शिकलेल्या माणसाला. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही. पुढे एम.ए. झालो, थोडी पाली शिकलो, तेव्हा एवढं कळलं की मागे मागे जावं तसं प्रत्येक चित्ताआधी आणखी एक चित्त निघतं, पहिलं काही सापडत नाही. त्या दुपारी "बाबा, प्रश्न भारी आहे" एवढं जरी म्हटलं असतं तरी ते पोटभर जेवून कामावर गेले असते.

वही सापडल्यावरही मी आईला सांगायला दोन वर्षं लावली. भित्रा तो भित्राच. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एका रविवारी दुपारी जेवताना मी म्हणालो, "आई, बाबा भाजीमुळे उठले नव्हते. त्यांनी ती जेमतेम चाखली असेल. मी त्यांना बोललो होतो." आणि जे बोललो ते, चौथीसकट, जसंच्या तसं सांगितलं. पिठावरचं पाऊल माझ्या मुठीचं होतं, तेही सांगितलं.

तिने हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे माझ्यावर नव्हते रागावले?"

"नाही."

मला वाटलं, आता रडेल, शिव्या देईल, मारेल. मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पण लहानपणी मला ताप आला की ती जशी बघायची, तशी बघत राहिली.

"तुझ्यावर रागावून गेले?"

मी होय म्हणून मान हलवली.

"कशाला सांगितलंस रे," ती म्हणाली. "त्यांचा राग माझ्यावर होता तोवर मी माझं बघत होते. आता तुझं कसं व्हायचं?"

मी मिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली. तिने ती परत माझ्याकडे सरकवली आणि अळणी भाजीबरोबर भाकरी खायला लागली. त्यानंतर ती तीन वर्षं होती. मीठ खाल्लं नाही. आता ते अळणी जेवण माझ्यासाठी होतं.