व्याही

कॅम्पसच्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी ओळख मात्र पहिल्याच दिवशी 'मराठी लेखक' अशी करून दिली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात माझे दोन लेख आलेत, हेही न विचारता सांगितलं. बाईंच्या स्वतःच्या पाच कादंबऱ्या आहेत, हे मला कळायला महिना गेला. शिवाय त्या आयुष्यभर यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या गोष्टी इंग्रजीत आणत होत्या. शब्द अडला की पेन्सिल कानामागे खोवून खिडकीबाहेर बघत बसायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, "मुलीच्या सासऱ्याला तिच्या वडिलांनी काय म्हणायचं? आमच्यात 'मेखुतन' म्हणतात. इंग्रजीत शब्दच नाही. तुमच्यात?"

मी विद्वानासारखा चेहरा करून म्हणालो, "नाही हो. आम्हीपण इन-लॉजच म्हणतो."

रविवारी पुण्याहून आईचा फोन आला. "काल व्याही आले होते. त्यांना तुझा नवा लेख वाचून दाखवला."

सोमवारी बसमध्ये मी ओशाळून तो शब्द सांगितला. बाईंनी तो वहीच्या समासात लिहिला, तीनदा म्हणून पाहिला आणि हसल्या. "आमच्याकडे शब्द उरलाय, तो म्हणणारी माणसं फारशी उरली नाहीत. तुमचं उलटं दिसतंय."

आईने व्याह्यांना वाचून दाखवलेल्या लेखाचं नाव मी बाईंना अजून सांगितलेलं नाही. 'परदेशात मराठी जपताना.'