प्रत्येक गाण्यात जाणारी तसनीम

मुदस्सिर सोलकरची बायको त्याला सोडून गेली, ही बातमी आम्हाला दोह्यातल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला कळली. ही बायको तेव्हा आमच्याच मागच्या रांगेत बसून मसाला दूध पीत होती.

त्या वर्षी भावगीतं म्हणणाऱ्या बाईंचा घसा बसला होता, म्हणून ऐनवेळी आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मुदस्सिरला स्टेजवर ढकललं. हा दापोलीकडचा कोकणी मुसलमान, रास लफानला एका गॅस कंपनीत ड्रायव्हर. गझल-बिझल म्हणेल असं आम्हाला वाटलं होतं. हा आला तो डोक्यावर काऊबॉयची टोपी, गळ्यात गिटार आणि पायात गुडघ्यापर्यंतचे बूट घालून. बूट मापाला इतके मोठे होते, की पाय आधी पुढे जायचा आणि बूट मागाहून. त्याने डोळे मिटले आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा कुरणातली चाल लावून आपल्या बोलीत सुरू केलं:

चाय निवली, तसनीम गेली,
चपला तिच्या दारात नाय,
गाडी कंपनीची, रस्ता सरकारचा,
माजा म्हनायला कोनी नाय.

माझी बायको शोभा पदराने डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी ती डबाभर खिचडी घेऊन मुदस्सिरचं सांत्वन करायला खाली गेली. दार तसनीमने उघडलं. आता कुणालाही वाटेल की इथे गैरसमज मिटला असेल. शोभाला वाटलं, बाई उरलेले कपडे न्यायला आलीय. तिने तसनीमला तिच्याच सोफ्यावर बसवलं आणि तासभर संसाराचं महत्त्व पटवलं. तसनीमने मध्ये एकदा उठून चहा केला, घावणे वाढले. "भाभी, तुमी इतक्या मनापासून समजावलंत," ती नंतर म्हणाली, "मना वाटला, परत यावाच."

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं कुठून, तर मिस्टर हॉलिसच्या गाडीतून. हॉलिस हा टेक्सासचा इंजिनियर. रोज पहाटे मुदस्सिर त्याला दोह्याहून रास लफानला न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. वाळवंटातला सरळसोट रस्ता, बोलायला विषय नाही, आणि गाडीत सतत कंट्रीची गाणी. मुदस्सिरला त्यातलं इंग्रजी निम्मंच कळायचं, पण गाण्याचा कायदा त्याने बरोबर ओळखला: दर गाण्यात काहीतरी गेलं पाहिजे. कुणाचा ट्रक जातो, कुणाचा कुत्रा मरतो, कुणाची आई जाते, कुणाचं घर जातं, आणि मग माणूस दारू पीत बसतो. हॉलिस मायदेशी परतला तेव्हा गिटार, टोपी आणि बूट याला देऊन गेला. गाणी तर याच्या डोक्यात आधीच बसली होती.

आता स्वतःचं गाणं करायचं, तर जायला काहीतरी हवं. ट्रक नव्हता, गाडी होती ती कंपनीची, आणि ती गेली असती तर नोकरीही गेली असती. कुत्रा घरात चालत नव्हता. आई गावाला ठणठणीत होती, आणि तिला गाण्यात मारायची याची छाती नव्हती. दारूच्या जागी त्याने आखातातला कडक, दुधाळ करक चहा घातला, ते जमून गेलं. पण जायला कोण? सगळीकडे शोधून झालं आणि शेवटी स्वयंपाकघरात तसनीम दिसली. तिला विचारलं, तर ती कांदा चिरता चिरता म्हणाली, जाते. एका गाण्याचा तर प्रश्न होता.

एका गाण्यावर कुठला कलावंत थांबलाय? कतारला फुटबॉलचा वर्ल्डकप भरवायला मिळालेला होता आणि सगळा देश खणून ठेवला होता. मी पेशाने क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाच्या मोजमापाचा हिशेब ठेवणारा, त्यामुळे कुठला रस्ता कधी उघडणार हे मला आधी कळायला हवं. मला कळायचं ते मुदस्सिरच्या गाण्यातून. नवा विमानतळ सुरू झाला, त्या महिन्यात तसनीम नव्या विमानतळावरून गेली. हमद पोर्ट झालं, तसनीम कंटेनरच्या बोटीने गेली. ज्या वाहनाचं उद्घाटन, त्यातून पहिली प्रवासी तसनीम. सलवाच्या रस्त्याने तिला सौदीत पाठवायचं गाणं अर्धं झालं होतं आणि तेवढ्यात सौदीशी बिनसून सीमाच बंद झाली. मुदस्सिर हळहळला, कारण दुसरं कडवं फार चांगलं झालं होतं. मग मेट्रो आली. त्या गाण्यात तर तसनीमनेच दुरुस्ती केली, की बाबा रे, आपल्या अझीझियाहून एअरपोर्टला जायचं तर मशेरिबला गाडी बदलायला लागते, एका गाडीत बसून मी जाणार कशी? त्याने कडव्यात मशेरिब घातलं. आता ती मधे उतरते, गाडी बदलते आणि मग जाते.

त्यांची मुलगी अमिना या सगळ्यात वाढली. शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी कळायची आणि उत्तर इंग्रजीत यायचं. बाप रियाज करताना टिपं गाळायला लागला, की ती अभ्यासातून मान वर करून म्हणायची, "अब्बा, शी इज राइट हिअर."

यातलं एक गाणं कुणीतरी फोनवरून गावाला पाठवलं आणि तिथे हाहाकार उडाला. कोकणी मुसलमानांच्या गावात नवरा-बायकोचं काही बिनसलं, तर जमात लक्ष घालते. बैठक बसते, दोन्ही बाजू ऐकतात, समेट घडवतात. पद्धत चांगली आहे, आमच्याकडे नाही याचं मला कधीकधी वाईट वाटतं. गावच्या जमातीने दोह्यातल्या गाववाल्यांना कळवलं, आणि एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून नसरुद्दीनभाई आणखी दोन पोक्त माणसांना घेऊन सोलकरांच्या दारात उभे राहिले. नसरुद्दीनभाई पोर्टवर क्लार्क, अत्यंत सचोटीचे. साक्षीला म्हणून मलाही खाली बोलावलं.

रीतीप्रमाणे तसनीमला आतल्या खोलीत बसवलं आणि मुदस्सिरला बाहेर. नसरुद्दीनभाई दोन्हीकडे ये-जा करत होते. आतून निरोप आला, की मी गेलेलीच नाही. बाहेर मुदस्सिरने तेच सांगितलं. दोन्ही बाजूंचं इतकं एकमत नसरुद्दीनभाईंनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा संशय बळावला. सगळ्या गावाने ऐकलंय ते खोटं कसं असेल? बरीच चर्चा होऊन असं ठरलं, की झालं गेलं विसरून तसनीमने परत नांदायला यावं. तसनीमने ते मान्य केलं. ती आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आली, सगळ्यांनी दुआ मागितली, आणि तिनेच शिजवलेली बिर्याणी खाऊन मंडळी समाधानाने घरी गेली. मीही खाल्ली. समेटाची बिर्याणी उत्तम झाली होती.

हसून हसून आमची पोटं दुखली, पण एक गोष्ट मी तेव्हा लक्षात घेतली नाही. तसनीमची आई जैतून हिचा नवरा सगळा जन्म कुवेतला होता. दोन-दोन वर्षांनी यायचा, पोरं त्याला पाहून दाराआड लपायची, आणि ओळख होईस्तोवर त्याची परतायची वेळ व्हायची. त्या गावात सगळ्याच बायका तशा. पुरुष जातात, बायका दारात उभ्या राहतात. तसनीमने ते लहानपणी बघितलं होतं आणि निकाहाच्या आधी तिने एकच अट घातली होती, की जिथे तुमी तिथे मी. ती दोह्याला आली ती त्या अटीवर. म्हणजे सबंध खानदानात जी एकटी बाई नवऱ्याला सोडून राहायला तयार नव्हती, तिला हा गाढव दर गाण्यात घालवत होता.

करोनाचं वर्ष मुदस्सिरला फार जड गेलं. विमानं बंद, मेट्रो बंद, तसनीमला जायला वाटच राहिली नाही. गाणं सुचेना म्हणून तो खिडकीत बसून राहायचा, आणि ती घरातच असल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

मग वर्ल्डकपचं वर्ष उजाडलं आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. आमच्या व्हिल्याच्या मालकाने खालचा मजला रिकामा मागितला, कारण स्टेडियम जवळ आणि येणारे पाहुणे देतील ते भाडं आम्हा लोकांना झेपणारं नव्हतं. वरचा मजला माझ्या कंपनीने आधीच करार करून ठेवला होता म्हणून आम्ही बचावलो. आणि त्याच आठवड्यात मुदस्सिरला कार्यक्रम करणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. कामगारांसाठी मोठ्या पडद्यावर मॅच दाखवणार होते, आणि मॅचच्या आधी देशोदेशीचे कलाकार. बॅगपाइप वाजवणारा एक केनियाचा माणूस मिळाला होता, मेक्सिकन गाणी म्हणणारे चार फिलिपिनो मिळाले होते, आणि काऊबॉय हवा होता तो त्यांना आमच्या तळमजल्यावर सापडला. महिनाभर रोज स्टेज. पोस्टरवर स्वतःचं नाव. फक्त कलाकारांनी कामगारांच्या कॅम्पात राहायचं, बॅचलर म्हणून. आखातात बॅचलर म्हणजे ज्याचं कुटुंब सोबत नाही असा कुठलाही पुरुष, मग त्याला नातवंडं का असेनात.

मुदस्सिरला वाटलं, अल्लाने दोन्ही गोष्टी जुळवूनच पाठवल्यात. घर जातंय, कॅम्पात खाट मिळतेय, अमिनाला सुट्टी आहे, तसनीम गावाला जाईल. त्याने होकार कळवला आणि मग घरी सांगितलं.

तसनीम भांडली नाही. तिने सामान बांधलं. फ्रिज, शिलाई मशीन, गाद्या, टोप, तवे, सगळं कार्गोवाल्याने उचललं आणि बोटीने गावाकडे रवाना केलं. रिकाम्या घरात ती दोन दिवस आमच्याकडून नेलेल्या चटईवर झोपली. मंडळात शोभाने सांगितलं, की तसनीम खरंच चाललीय हो. कुणी विश्वास ठेवला नाही. या वेळी कशाने जातेय, ट्रामने का, एवढंच विचारलं. नसरुद्दीनभाईंनी तर गाणं ऐकायची इच्छा असल्याचं कळवलं.

एअरपोर्टला त्यांना मीच गाडीतून नेलं. रस्त्याने सगळीकडे झेंडे लागले होते. मुदस्सिर पुढे माझ्याशेजारी बसून बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होता. त्याच्या डोक्यात काय चाललंय हे मला कळलं आणि मला त्याला गाडीतून उतरवावंसं वाटलं. खरोखर जाणाऱ्या बायकोवरचं हे त्याचं पहिलं गाणं होतं.

काऊंटरच्या रांगेत बॅगा पुढे सरकवत असताना तसनीम त्याच्याकडे न बघता बोलली.

"इतकी वर्सां मना घालवलीत. इमानानं, बोटीनं, मेट्रोनं. एका गाण्यात तरी 'जाऊ नको' म्हनलात?"

मुदस्सिरने प्रामाणिकपणे विचार केला. सगळी गाणी मनात तपासून पाहिली असावीत. "चालीत बसत नव्हता," तो म्हणाला.

तसनीमने मान हलवली आणि बॅग पुढे सरकवली. रांगेतल्या पुढच्या कुटुंबाचं आटोपलं. काऊंटरवरच्या मुलीने पासपोर्टसाठी हात पुढे केला. तसनीमने अमिनाचा आणि स्वतःचा पासपोर्ट काढून समोर ठेवला, आणि मुदस्सिरने त्यावर पंजा ठेवला. मुलगी त्याच्याकडे बघायला लागली. मागचे लोक कुरकुरायला लागले. मी म्हटलं, मुदस्सिर, अरे.

"जाऊ नको," तो म्हणाला. नुसतं, बिनचालीचं.

तसनीमने बॅगेवरचा हात काढला. "कार्गो गेला की."

"कार्गो जाऊ दे."

परत येताना ती दोघं मागे बसली आणि अमिना पुढे माझ्याशेजारी. मला समोरचं नीट दिसत नव्हतं. झेंड्यांमुळे, असं मी अमिनाला सांगितलं.

स्टेज अर्थातच गेलं. कॅम्पात बायकोमुलीसकट राहणारा काऊबॉय त्यांना नको होता. त्याच्या जागी त्यांनी एका श्रीलंकन माणसाला टोपी घातली. सोलकर आता आमच्या मागच्या खोलीत राहतात, टोप-तवे आमचेच वापरतात, आणि शोभा त्यावरून रोज कुरकुरते नि रोज चार भाकऱ्या जास्त टाकते. गावाला बिऱ्हाड पोहोचलं, बाई पोहोचली नाही, म्हणून जमातीने पुन्हा बैठक बोलावलीय. तसनीम घर सोडून का गेली नाही, याचा जाब विचारायला नसरुद्दीनभाई येत्या जुम्म्याला येणार आहेत.

परवा दुपारी स्टेडियमकडून लाउडस्पीकरच्या चाचणीचा आवाज येत होता आणि मागच्या खोलीत मुदस्सिर नवं गाणं म्हणत होता. त्यात कुणी कुठे जात नाही. एक बाई कांदा चिरते, नवरा बघत बसतो, पुढच्या कडव्यात ती आणखी एक कांदा चिरते. इतकं सुमार गाणं त्याने आजवर केलं नव्हतं. मी दारातून तसं सांगणार होतो, पण माझ्या आधी तसनीम बोलली.

"बेकार हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "परत म्हना."