लादी बघून घर निवडणारी मी

पन्नाशीत मी सासऱ्यांसाठी वृद्धाश्रम बघायला गेले होते. संडासात धरायला दांडी आहे का, लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावते का, खिडकीवर धूळ किती, सगळं तपासलं. खिडकीवरून बोट फिरवताना स्वतःला मोठी इन्स्पेक्टर समजत होते. लादी चकाचक होती, म्हणून पसंत. जेवणाची वेळ होती, पण जेवणाऱ्यांची तोंडं बघायचं काही त्या शहाणीला सुचलं नाही.

आता मी स्वतः मुलुंडच्या अशाच एका घरात राहते. लादी इथेही चकाचक आहे.

माझी खोलीतली सोबतीण मालवणकडची. दोन महिन्यांत पार वाळली. ताट आलं की बोटाने भात इकडचा तिकडे करायची आणि म्हणायची, "माका नको." डॉक्टरांनी टॉनिक दिलं, तेही तसंच पडून. पुढे नाकातून नळी घालावी लागेल, असं तिच्या मुलाला सांगून झालं होतं.

मी विचारलं, "अगं, खावंसं तरी काय वाटतं?"

"सुकटाची चटणी आसती तर दोन घास गेले आसते."

आमचं स्वयंपाकघर शाकाहारी. सुकी मासळी तर लांबच, अंड्यालाही मज्जाव. मी आमच्या सुपरवायझर मुलीला गाठलं.

"आजी, नियम आहे. वासाचा बाकीच्यांना त्रास होतो."

"बाकीच्यांना विचारलंस?"

"नाही."

"मग विचार ना. चारच्या चहाला सगळे इथेच असतात. जाणार कुठे?"

तिने विचारलं. बरेच जण हो म्हणाले, काहींनी तर आपल्या फर्माइशीही सांगून टाकल्या. एक आजोबा तेवढे कुरकुरले. मग म्हणाले, "मी दार लावून बसेन. पण नंतर खिडक्या उघडा."

रविवारी तिच्या मुलाने सुकट आणली. गच्चीत वेगळी शेगडी लावून सुपरवायझरने चटणी केली, सोबतिणीने खुर्चीत बसून तिला कांदा किती, कोकम किती ते बजावलं. मी जन्माची शाकाहारी. वरणभात घेऊन तिच्याशेजारी बसले. वास जबरदस्त होता, खोटं कशाला बोलू.

तिने पहिला घास खाल्ला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

"मीठ कमी पडला," ती म्हणाली. मग ताट माझ्याकडे सरकवलं. "भात वाड गो थोडो."