ब्लाचान आणि जिन्यातलं पत्रक

मी पत्रकं लिहिते. भाडेकरूंच्या हक्कांसाठी, ओल आलेल्या भिंतींविरुद्ध, कौन्सिलच्या उत्तर न देण्याविरुद्ध. या कामात एक गोष्ट पक्की शिकवली जाते: अन्याय दिसला की आधी त्याला मथळा द्यायचा. तो कुणावर होतोय, त्या माणसाला विचारायचं, हे कुणी शिकवत नाही. निदान मला शिकवलं नव्हतं.

एडिनबराला आले तेव्हा ओळखीचं कुणीच नव्हतं. ऑफिस म्हणजे लॅपटॉप. मीटिंगमध्ये आठ चौकटींतून आठ तोंडं जगातल्या अन्यायावर बोलायची आणि एकेक करून विझायची. मग खोलीत मी आणि हीटरची टकटक. ही खोली एका जुन्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, एका निवृत्त नर्सबाईंच्या घरात होती. त्या मलेशियातल्या ईपोहच्या, चिनी घरातल्या. विशीत इथल्या हॉस्पिटलात कामाला आल्या आणि राहिल्या. लग्न केलं नाही. त्यांच्याकडे वयाने मोठ्या प्रत्येक बाईला आँटी म्हणतात, म्हणून मीही आँटी म्हणायचे.

घरात शिरलं की त्या विचारायच्या, जेवलीस का? त्यांच्याकडे ती ‘कशी आहेस’ म्हणायची रीत आहे, नुसतं हो म्हणून पुढे जायचं. मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी खरं ते सांगितलं की दुपारी पेट्रोलपंपावरचं सँडविच खाल्लं. त्यांनी माझ्याकडे वॉर्डात नव्याने आलेल्या पेशंटकडे पाहावं तसं पाहिलं आणि ताट वाढलं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, काकडी, उकडलेलं अंडं आणि लालभडक सांबाल, म्हणजे मिरच्यांची वाटलेली चटणी. या सगळ्या ताटाला म्हणतात नासी लेमाक. तेव्हापासून संध्याकाळचं जेवण त्यांच्याबरोबर. दिवसभरात मी तोंडाने बोलायचे ते तेवढ्या वेळातच.

सांबाल शनिवारी सकाळी व्हायचं. त्यात ब्लाचान लागतं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या जवळ्याची वडी. ती आधी भाजावी लागते, आणि भाजताना जो वास सुटतो तो कोकणातल्या माणसाला घराची आठवण आणतो. बाकीच्यांना ड्रेनेजची.

आँटी ती वडी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायच्या, तवा मांडायच्या, आणि गॅस पेटवायच्याच नाहीत. खिडकीशी उभ्या राहायच्या. दहाच्या सुमारास आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई, सत्तरी ओलांडलेल्या, इथल्याच, कोट घालून बाहेर पडायच्या. त्या कोपऱ्यावरून वळल्या की मग गॅस पेटायचा. अकराच्या आत भाजणं संपवून खिडक्या सताड उघड्या.

दोन-तीन शनिवार बघून मी विचारलं. आँटी म्हणाल्या, तिला वास सोसत नाही. एवढंच. आणि मिरच्या वाटायला लागल्या.

माझं डोकं फिरलं. कारण इंग्लंडात वॉटफर्डला, जिथे मी वाढले, माझी आई, मूळची मालवणची, सुकट भाजायची ती खिडक्या बंद करून, दाराखाली टॉवेल लावून, चोरी केल्यासारखी. शेजारी काय म्हणतील. बाबा हॉस्पिटलात डॉक्टर, रोज या लोकांच्या छातीला नळी लावणार, आणि घरी आम्ही आमचंच जेवण लपवणार. शाळेत माझ्या स्वेटरला वास येतो म्हणून एका मुलीने नाक धरलं होतं. मी ते आईला कधी सांगितलं नाही. तो सगळा राग तयारच होता. त्याला फक्त पत्ता मिळाला.

त्यात आँटींचं चॅरिटी जेवण जवळ आलं होतं. शहरातले मलेशियन लोक वर्षातून एकदा चर्चचा हॉल घेतात, घरोघरचं रांधून आणतात, आणि त्यातून ईपोहच्या डायलिसिस सेंटरला मदत जाते. कूपनं आधीच विकायची, दारात फाडून घ्यायची, ही तिकडची पद्धत इथेही. दारात बसून कूपनं फाडायचं काम वर्षानुवर्षं कोण करतं? याच खालच्या बाई. शेवटी त्यांना डबा भरून मिळतो. सांबालसकट. हे कळल्यावर तर मी आणखीच पेटले. चव चालते, वास चालत नाही!

एका दुपारी आँटी कूपनं पोचवायला बाहेर गेल्या होत्या, तेव्हा मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘आमच्या अन्नाचा वास हा गुन्हा नाही.’ खाली लिहिलं की या इमारतीत एका वृद्ध स्थलांतरित बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात शेजाऱ्याच्या परवानगीने गॅस पेटवावा लागतो. जेवण हवं पण माणूस नको, या वृत्तीला नाव द्यायची वेळ आली आहे. कुणा माणसाचं नाव मी लिहिलं नव्हतं. इमारतीत आठ दारं, त्यात एकच स्थलांतरित वृद्ध बाई, आणि तिच्या खाली एकच दार. आमचं सोडून सातही दारांत टाकलं आणि एक तळमजल्यावरच्या भिंतीला चिकटवलं. पत्रक चांगलं उतरलं होतं. हे आज म्हणायला लाज वाटते, पण उतरलं होतं.

आँटी भिंतीवरचं पत्रक हातात घेऊनच वर आल्या. चिकटपट्टी सावकाश सोडवली असणार, कोपरे फाटले नव्हते. त्याची घडी घालून त्यांनी ते टेबलावर माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, हे छापायला ऑफिसचा कागद वापरलास का. मी म्हटलं, नाही. बरं, म्हणाल्या. त्या दिवशीही जेवण वाढलं.

आमच्याकडे जिना झाडायची पाळी असते. ज्याचा आठवडा संपतो तो पाळीची पाटी पुढच्या घरी देतो. खालच्या बाई ती स्वतः घेऊन यायच्या आणि दारातच अर्धा तास बोलायच्या, हवा, गुडघे, कुणाचं ऑपरेशन. त्या आठवड्यात पाटी दाराच्या मुठीला लटकलेली मिळाली. शनिवारी त्या बाहेर पडल्याच नाहीत. आँटी पावणेबारापर्यंत खिडकीशी उभ्या होत्या. मग त्यांनी ब्लाचानची वडी परत डब्यात ठेवली.

महिन्यातून एकदा आँटी मला जेवायला बाहेर न्यायच्या, मलेशियन हॉटेलात. त्या रविवारीही नेलं. नेहमी तिथे त्यांचा आवाज चढायचा, वेटरशी तीन भाषांत वाद, रेंदांगला, म्हणजे तिकडच्या सुक्या मटणाला, नावं ठेवायची आणि तेच मागवायचं. त्या दिवशी त्यांनी बोट ठेवून दोन गोष्टी दाखवल्या आणि मेनू मिटला. चहा आल्यावर, माझ्याकडे न बघता, सांगायला लागल्या.

खालच्या बाईंचा नवरा फुप्फुसांनी आजारी होता. घरी ऑक्सिजन. कुठलाही उग्र वास, धूर, की त्याला खोकल्याची उबळ यायची. आँटी नर्स, त्यांनी आपणहून भाजणं बंद केलं. हे बाईंच्या लक्षात आलं. काही न बोलता त्या दर शनिवारी दहा वाजता नवऱ्याला व्हीलचेअरवर बाहेर न्यायला लागल्या, पावसातसुद्धा. आँटींनी पुन्हा भाजायला सुरुवात केली. दोघींत यावर कधी एक शब्दही झाला नाही.

“तो वारला त्याला आता खूप वर्षं झाली,” आँटी म्हणाल्या. “ती अजून जाते. एकटी. मी अजून थांबते.”

मी विचारलं, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत.

“तू विचारलंस कुठे? तू लिहिलंस.”

चॅरिटी जेवणाच्या दिवशी दारातली खुर्ची रिकामी होती म्हणून मला बसवलं. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारायचा, आमच्या बाई कुठायत? बऱ्या आहेत ना? मी म्हणायचे, येणार नाहीत या वर्षी. एक काका म्हणाले, त्या कूपन फाडताना शिव्या घालतात, त्याशिवाय जेवण पचत नाही आम्हाला. मी हसले. आत आँटी भात वाढत होत्या. सांबाल बाटलीतलं होतं. ते ओळखलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही. त्या हॉलभर माणसांत मी सोडून सगळ्यांना कळत होतं, काय बोलायचं नाही ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खालच्या मजल्यावर गेले. बाईंनी दाराची साखळी काढली नाही. मी माफी मागितली, तयार करून नेलेली, तीन मुद्द्यांची.

त्यांनी ऐकून घेतली. म्हणाल्या, “खोटं काही लिहिलं नव्हतंस. मला तो वास आवडत नाही. भयंकर आहे. पण ते तिला माहीत होतं आणि मला. आता ते तळमजल्यावरच्या पोरांना माहीत आहे.” आणि मग, “तिला माझ्याबद्दल एवढं वाटत होतं तर वर बोलावून सांगायचं होतं. भाडेकरूकडून लिहून घ्यायची काय गरज होती?”

म्हणजे इतके दिवस त्या हे धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, त्यांना काही माहीत नव्हतं, सगळं माझंच आहे. त्या म्हणाल्या, “घर तिचं आहे, पोरी. मी काय समजणार?” आणि दार लावलं.

वर जाऊन मी आँटींना हे सांगितलं तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. सुरी खाली ठेवली, हात पुसले. माझ्यावर ओरडतील तर बरं, असं मला वाटत होतं. माझ्या ओळखीची भाषा ती तेवढीच. त्या घरातल्याच चपला घालून जिना उतरल्या. खालचं दार उघडल्याचा, साखळी निघाल्याचा आवाज आला. पुढचं काही ऐकू आलं नाही. मी अर्धी चिरलेली भाजी पूर्ण चिरली. नंतर एकटीच जेवले.

त्यानंतरच्या शनिवारी बाई वर आल्या. कोट न घालता. मी माझ्या खोलीत होते, दार लोटलेलं. गॅस पेटला, वास सुटला, आणि बाई खोकायला लागल्या, मग नावं ठेवायला लागल्या, मेलेल्या बोटीचा वास आहे म्हणाल्या, आणि आँटी हसल्या. या घरात मी तोपर्यंत ते हसू ऐकलं नव्हतं. मग भांडी, चहा, कुणाचा तरी गुडघा, ईपोहहून आलेलं आभाराचं पत्र. पुढच्या वर्षी दारात कोण बसणार, हेही ठरलं. विचारायची गरजच नव्हती.

मग आवाज जरा उतरला. आँटी म्हणाल्या, तिला बोलावू का?

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “काम करत असेल ती.”

मी काम करत नव्हते.