पाचवं शील आणि संध्याकाळची गोळी

त्या वर्षी आषाढी पौर्णिमेला दादाने गोळी घेतली नाही. त्याने मला तसं सांगितलं. मी आईला सांगितलं नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. रसायनीला एका कारखान्यात पाळीवर होता. तिथे एकदा चार दिवस त्याला झोप लागली नाही आणि पाचव्या दिवशी तो पाळी अर्धी टाकून बाहेर पडला. कारखान्याचा भोंगा आपल्याला नावाने हाक मारतो, असं त्याचं म्हणणं होतं. चौक गावापर्यंत चालत आला तेव्हा पायात चपला नव्हत्या. मुंबईच्या इस्पितळात दोन महिने ठेवावं लागलं, नोकरी गेली, आणि तो दहिवलीला घरी आला तो कागदी पाकिटातल्या गोळ्या घेऊन. सकाळी एक, संध्याकाळी एक. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बरं वाटायला लागलं की माणसं सोडून देतात. तुम्ही शिक्षिका आहात, लक्ष ठेवा." मी कर्जतच्या शाळेत शिकवत होते. लक्ष ठेवणं हे माझं रोजचंच काम होतं.

गोळ्यांनी भोंगा थांबला. पण दादाची जीभ जड झाली, तोंड सारखं कोरडं पडायचं, हात कापायचा, चालताना पाऊल आखूड पडायचं. आई म्हणायची, "पोरगा घरी हाय, पन घरात कोन असल्यागत वाटत नाय."

आमच्या आळीत वर्षावासाचे, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासूनचे पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी बुद्धांच्या चरित्राचा ग्रंथ वाचला जायचा. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. दिवसभर भाताची लावणी करून आलेली माणसं पोटऱ्या चोळत बसायची. त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचणाऱ्याचा मान मोठा. तो मान आधी वडिलांचा होता, ते गेल्यावर दादाकडे आला. गोळ्या सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षावासात दादा वाचायला बसला तेव्हा एका पानाला अर्धा तास लागला. ओळ संपेपर्यंत डोळे मिटायचे. शेजारचे काका मागून ओरडले, "अरं ये, भगवंत झाडाखाली बसले व्हते, तू त आडवाच व्हाया निघालास!" सगळे हसले. दादाही हसला. चौथ्या दिवसापासून तो गेला नाही, आणि त्या वर्षी वाचन तिथेच राहिलं.

पुढच्या वर्षीच्या आषाढी पौर्णिमेला त्याने गोळी नाकारली तेव्हा या हसण्याचा उल्लेख केला नाही. त्याचं कारण वेगळं होतं.

धर्मांतर झालं, आम्ही बौद्ध झालो, तेव्हा मी लहान होते. वडिलांनी त्या दिवशी दारू सोडली ती कायमची. पुढे कधी खोकल्याचं औषध आणलं तरी आधी बाटलीचा वास घ्यायचे, आणि शंका आली तर औषध बाजूला ठेवून खोकत राहायचे. आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसून रोज पाच शीलं म्हणायचो. पाचवं मादक पदार्थ न घेण्याचं.

"बाय, आता तूच सांग," दादा म्हणाला. "सकाळी बोलायचं की झिंग आननारं कायच घेनार नाय, आन् लगेच झिंग आननारी गोळी गिळायची. म्हंजे पाचवं मोडलं. आन् खोटं बोललो म्हनून चौथं बी मोडलं. एका गोळीत दोन."

"अरे, ते औषध आहे."

"बाबांनी औषध बी हुंगलं होतं गं."

पण आईला मी सांगितलं नाही ते या बोलण्यामुळे नाही. मला त्याचं वाचन परत ऐकायचं होतं.

आणि ते मिळालं. आठवड्याभरात त्याची जीभ मोकळी झाली, हात कापायचा थांबला. दुसऱ्या आठवड्यात तो वडिलांसारखं वाचायला लागला, दुःखाच्या जागी आवाज न रडवता. बायका लवकर येऊन पुढे बसू लागल्या. काका म्हणाले, "बापाचा गळा हाय रं तुझा." आई रोज संध्याकाळी वाचनाला घालायचा त्याचा सदरा पिळून चुलीवर वाळवत होती. गोळ्या मी पाकिटातून रोज दोन काढून राखेत टाकत होते, आईला कळू नये म्हणून.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने वाचलेलं एक वाक्य मला ओळखीचं वाटलं नाही. मी शेजारीच बसले होते. मान वाकवून पाहिलं, तर ते पानावर नव्हतं. पुढचंही नव्हतं. लोक माना डोलवत होते. त्यांना वाटलं, तो अर्थ सांगतोय. घरी येताना मी विचारलं तर म्हणाला, "पानं कमी पडतात." दुसऱ्या दिवशी अर्धं वाचन पानाबाहेरचं होतं. त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. मी आणखी दोन दिवस थांबले, कारण ऐकायला ते चांगलं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर तो आणि ग्रंथ, दोन्ही घरात नव्हते. तो लोधिवलीला सापडला, मुंबई-पुणे रस्त्यावर मधोमध उभा, पावसात, ट्रक थांबवून ड्रायव्हरांना वाचून दाखवत. एका टेंपोवाल्याने त्याला बळेच आत बसवलं आणि पत्ता विचारत घरी आणून सोडलं. "वैनी, ब्रेक लागला म्हनून वाचला वो," तो आईला म्हणाला. आईने गोळ्यांचं पाकीट आणलं. ते रिकामं होतं, आणि नवं आणायचं काम माझं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी सगळं सांगितलं. तिने त्याचा ओला सदरा उतरवला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला पुन्हा इस्पितळात नेलं.

इस्पितळातून तो परत आला त्या हिवाळ्यात आळीतल्या एका घरी वारलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाला भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, आले होते. दादाने सगळ्यांदेखत त्यांना विचारलं, गोळीने पाचवं शील मोडतं का. त्यांनी विचारलं, "गोळी घेतली की चित्त ठिकाणावर राहतं, की जातं?"

"ऱ्हातं. पन झोप लय येते."

"मग झोपा. झोपू नये असं शील नाही."

सगळे हसले. दादा हसला नाही, पण घरी येऊन त्याने गोळी घेतली. एवढ्याने प्रश्न मिटला असं नाही. त्यानंतरही त्याने दोनदा गोळ्या सोडल्या, एकदा हात कापतो म्हणून आणि एकदा नुसतंच बरं वाटत होतं म्हणून. दोन्ही वेळा मी तिसऱ्या दिवशी ओळखलं आणि त्याच दिवशी बोलले. मग आम्ही ठरवून घेतलं. दिवा लावायचा, दोघांनी शीलं म्हणायची, पाचवं झालं की त्याने माझ्याकडे पाहायचं आणि गोळी गिळायची. काही दिवस तो नुसताच पाहत राहायचा. मी तांब्या हातात धरून बसायचे. एकदा भात गार होईपर्यंत बसले.

वाचन माझ्याकडे आलं. लोकांसमोर त्याने पुन्हा ग्रंथ उघडला नाही. शेजारी बसायचा, बहुतेक वेळ पेंगत. पण घाईत माझी एखादी ओळ सुटली तर डोळे न उघडता माझ्या गुडघ्यावर बोटाने टकटक करायचा. सगळं त्याला पाठ होतं. अशी अकरा वर्षं गेली. मधे आई गेली. गेल्या वर्षी तो दुपारी जेवून आडवा झाला, तो उठला नाही. सकाळची गोळी घेतलेली होती.

पावसात भिजलेला ग्रंथ अजून तोच आहे, मधली पानं फुगलेली. वर्षावासात मी वाचते. माझी ओळ अजूनही सुटते. गुडघ्यावर टकटक होत नाही.